चिकन-मटणातले औषधाला न जुमानणारे जंतू : कोल्हापुरात कुणी विचारतंय का?

मंगळवारपेठी

आखाड लागलाय. टेंबलाईला नवं पाणी वाहायचं, गल्लोगल्ली म्हाई (देवीच्या नावानं बोकड कापून गल्लीचं जेवण), आणि रविवारी चिकन-मटणाच्या दुकानापुढं कोपऱ्यापर्यंत रांग. म्हणून आत्ताच हा धागा काढतोय.

२०१९ च्या अखेरीस मटणाचा दर चढला तेव्हा हेच शहर रस्त्यावर आलं होतं. बैठका झाल्या, आंदोलन झालं, दर खाली आल्याशिवाय माघार नाही म्हणून लोक हटून बसले. दराबद्दल आपण एवढे जागे. मालाबद्दल काय विचारतो? "कवळं दे", "मांडीचं घाल", "चरबी नको". कोंबडी कुठल्या शेडवरनं आली, तिला शेवटचं औषध कधी दिलं, ओंडका शेवटचा कधी धुतला, हे विचारताना मी रांगेत कुणालाच ऐकलेलं नाही.

कच्च्या मांसावर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे जंतू असतात ही गोष्ट जुनीच. पण आता त्यातले बरेचसे नेहमीच्या अँटिबायोटिकला दादच देत नाहीत. भारतासकट अनेक देशांत दुकानातल्या कोंबडीवर असे जंतू सापडलेत. औषधांचं म्हणाल तर दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०१४ साली दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले होते. त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न दराच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडल्याशिवाय सुटणार नाही. पण विचारायचं नेमकं काय, आणि कुणाला? जाणकारांनी लिहा. अनुभवही लिहा.

लवंगी

आधी एवढं सांगा, उद्याचा बेत ठेवायचा की मोडायचा? दीड किलो आलंय घरात आणि सासरची मंडळी दुपारी पोचतायत.

मंगळवारपेठी

लवंगीताई, बेत बिनधास्त ठेवा. खाऊ नका असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

वाशीनाका

भावा, आमच्यात पांढऱ्या रश्श्याचं अळणी, म्हंजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, तासभर रटरटतं. त्यात जंतू काय, जंतूचा आज्जा पण ऱ्हात न्हाई. तांबड्याचा तर विषयच सोड, त्या तिखटात माणूस टिकंना, जंतू कुठला टिकतोय? उगं आखाडात लोकांना भ्या घालू नका.

सूक्ष्मदर्शी

वाशीनाका यांचं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस.

जंतू औषधाला दाद देत नाही म्हणजे आगीलाही देत नाही, असं नसतं. कोंबडीच्या मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय मरतात, मग ते कितीही औषधं पचवलेले असोत. उकळत्या अळणीत काही शिल्लक राहत नाही. (तिखटानं मात्र जंतू मरत नाहीत. ते काम आगीचंच.)

धोका पातेल्याच्या बाहेर आहे. रविवारची सकाळ आठवा. मटणाची पिशवी गाडीच्या हुकला, त्याच पिशवीत वरनं कोथिंबिरीची जुडी आणि लिंबं. पिशवीच्या तळाला रक्ताळलेलं पाणी साठलेलं. घरी आल्यावर मटण धुतलं, सुरी नुसती पाण्याखाली धरली, आणि त्याच सुरीनं, त्याच पाटावर ताटाला लावायचा कांदा आणि लिंबू चिरलं. रस्सा उकळला. कांदा कुणी उकळला? कोथिंबीर वरनं कच्चीच भुरभुरली. म्हणजे पातेल्यातले जंतू मेले आणि ताटातल्या कांद्यावरचे जिवंत राहिले.

आता हे जंतू पोटात गेले तर लगेच आजारी पडालच असं नाही. बहुतेकदा काहीच होत नाही, किंवा दोन दिवस जुलाब होऊन थांबतात. पण औषधाला तोंड कसं द्यायचं याची माहिती जंतूच्या आत डीएनएच्या एका छोट्या कड्यात असते, त्याला प्लास्मिड म्हणतात. हे कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. एका शेजारणीनं चटणीची कृती चिठ्ठीवर लिहून दुसरीला द्यावी, तसंच. दुसरा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. कोंबडीवरून आलेला जंतू तुमच्या आतड्यातल्या बिनउपद्रवी जंतूला ती चिठ्ठी देऊन स्वतः निघून जातो. पुढं कधी लघवीच्या मार्गात संसर्ग झाला, ऑपरेशन झालं, की ती चिठ्ठी उघडते.

आणखी एक. मूळ लेखात दोन गोष्टी एकत्र आल्यात, त्या सुट्या करूया. मांसात उरलेले औषधाचे अंश वेगळे आणि औषधाला न जुमानणारे जंतू वेगळे. जंतू शिजवल्यावर मरतात. औषधाचे काही अंश मात्र शिजवूनही पूर्ण जात नाहीत. अंशांचा इलाज शेडवर आहे. जंतूंचा थोडा शेडवर, थोडा दुकानात आणि थोडा तुमच्या ओट्यावर.

लवंगी

सुरी बदलली!! कोथिंबीर पण वेगळ्या पिशवीतनं आणायला नवऱ्याला पुन्हा पाठवलंय. तो धागा काढणाऱ्याचा पत्ता विचारतोय.

उजळाईवाडीची काकू

सूक्ष्मदर्शी, तुम्ही सांगितलं ते पटलं. पण मध्यंतरी कुणीतरी मेसेज पाठवला होता की कच्चं चिकन धुऊच नये. हे काही मला पटत नाही. दुकानातनं येतं तेव्हा त्याला पिसाचे कोंब असतात, रक्ताच्या गुठळ्या असतात, कधी हाडाचा चुरा. आम्ही हळद-मीठ चोळून तीन पाण्यांनी धुतो. न धुता फोडणीला टाकायचं हे आमच्या हातून होणार नाही.

सूक्ष्मदर्शी

काकू, न धुण्याचा सल्ला जिथं मांस साफ करून, बंद डब्यात मिळतं तिथला आहे. मागचं कारण मात्र खरं आहे. जोराच्या नळाखाली तुकडे धरले की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यावर, अंगावरच्या कपड्यावर उडतात. तुम्ही पातेल्यात घेऊन, पाणी हळू सोडून, पातेल्यातल्या पातेल्यात धुवा. पाणी बेसिनमध्ये सावकाश ओता. मग बेसिन आणि नळाची मूठ साबणानं घासा, कारण नळ आपण त्याच हातानं बंद करतो. हात साबणानं, बोटांच्या बेचक्यांसकट. हळद-मिठानं वास जातो, चिकटपणा जातो. जंतू त्यानं जात नाहीत.

उजळाईवाडीची काकू

हे जमेल. नळाच्या मुठीचं कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि वजडीचं काय? सासूबाई मोरीत बसून गरम पाणी आणि चुना लावून घासायच्या, आम्हीही तसंच करतो.

सूक्ष्मदर्शी

मोरीतच करा, ओट्यावर नको. वजडी म्हणजे जनावराचं पोट आणि आतडं, जंतूंचं मूळ घरच ते. तिथं सगळ्यात जास्त काळजी. खिम्याचंही तसंच आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू वरच्या बाजूला असतात, खिमा केला की वरचे आत जातात. म्हणून तो आतपर्यंत शिजायला हवा. मधे गुलाबी राहिलेला कबाब नको.

आळतेकर शेडवाला

नमस्कार मंडळी. माझी हातकणंगले तालुक्यात पाच हजार पक्ष्यांची शेड आहे, कंपनीच्या करारावर. इथं सगळे शेडकडं बोट दाखवणार हे दिसतंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

कंपनी एक दिवसाचं पिल्लू देते, खाद्य देते, औषध देते. शेड, लाईट, पाणी, खाली अंथरायचं तूस आणि मजुरी आमची. साधारण सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या पुढं जातो आणि आम्हाला किलोमागं ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याची मजुरी मिळते. किती खाद्यात किती वजन आलं आणि मर किती झाली, यावर ती वरखाली होते. म्हणजे मर वाढली की आमच्या पोटावर.

पावसाळ्यात काय होतं बघा. तूस ओलं होतं, अमोनिया धरतो, आत गेलं की डोळ्यांतनं पाणी येतं. मग एक दिवस पहाटे शेडचं दार उघडलं की पक्ष्यांची घरघर ऐकू येते. ज्यानं ऐकलीय त्याला लगेच कळतं. सुपरवायझरला फोन. तो म्हणतो, सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार) दिसतीय, टाकीत अमुक औषध सोडा. आता घरघरणारे पक्षी समजा शंभर असतील, पण टाकीचं पाणी पाच हजार पितात. एकेकाला धरून औषध पाजणं शक्य नाही हो. कुणाला किती गेलं ते देवाला ठाऊक. जो आजारी तो पाणीच कमी पितो, धडधाकट जास्त पितो.

लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलायच्या आधी ठराविक दिवस औषध बंद ठेवायचं असतं, हे आम्हाला माहीत आहे. पण गाडी कधी लागणार हे आमच्या हातात नाही. बाजार चढला की दुपारी फोन येतो, रात्री गाडी येतीय म्हणून.

मी स्वतः काय बदललंय तेही सांगतो. तूस रोज उलथंपालथं करतो, ओलं झालेलं काढून टाकतो, पावसाच्या बाजूचे पडदे वेळेवर सोडतो आणि बॅच गेली की शेड मोकळी, चुना मारून. शेडमध्ये शिरताना चप्पल वेगळी. असं केलं की घरघर कमी येते आणि औषध कमी लागतं. पण त्याला माणूस लागतो. माणसाचा पगार ग्रोइंग चार्जमधनं निघत नाही. तुम्ही विचारा जरूर, पण शेडवाल्याला आरोपी करून विचारू नका.

वाशीनाका

शेडवाले दादा, मनापासनं लिवलंय. पाच हजार पक्षी एकाच टाकीतलं औषध पितात, हे वाचून घास अडकला.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य. शेडवाले बोलले त्यात अक्षरही खोटं नाही, त्याला जरा मागचा इतिहास जोडतो.

जनावराला अँटिबायोटिक तीन कारणांनी दिलं जातं. आजारी पडलं म्हणून, आजारी पडू नये म्हणून, आणि वजन लवकर भरावं म्हणून. पहिल्याला माझा काही विरोध नाही, आजारी जनावराला तडफडत ठेवणं पाप आहे. खरी गडबड तिसऱ्यात आणि बऱ्याच अंशी दुसऱ्यात आहे. खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घातलं की पक्षी लवकर वाढतो, हे अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं आणि जगभर पसरलं. थोडं थोडं म्हणजे जंतू पुरते मरणार नाहीत एवढं. जे तगले तेच वाढले. गंमत बघा, फ्लेमिंगनं १९४५ सालच्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की पेनिसिलिन अपुरं दिलं तर जंतू त्याला सरावतील.

कोलिस्टीनचं उदाहरण घ्या. माणसात बाकी सगळी औषधं हरली की आयसीयूत जे शेवटचं काढतात त्यातलं हे एक. आणि तेच कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात पोत्यानं जात होतं. २०१५ च्या शेवटी चीनमधनं बातमी आली की कोलिस्टीनला हरवणारं एमसीआर-१ नावाचं जनुक प्लास्मिडवर सापडलंय. म्हणजे सूक्ष्मदर्शींच्या त्या चिठ्ठीवर. डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांतही. चीननं २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टीन बंद केलं. आपल्याकडं केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि खाद्यात त्यावर बंदी घातली.

बंदीनं फरक पडतो का? पडतो. चीनमध्ये बंदीनंतर डुकरांत आणि माणसांतही ते जनुक सापडण्याचं प्रमाण उतरलं. डेन्मार्कनं १९९५ साली अव्होपार्सिन हे वाढीसाठी खाद्यात घालायचं, व्हँकोमायसिनच्याच कुळीतलं औषध बंद केलं, तिथल्या कोंबड्यांतले व्हँकोमायसिनला न जुमानणारे जंतू पुढच्या काही वर्षांत झपाट्यानं कमी झाले. वाढीसाठी अँटिबायोटिक देणं युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून सरसकट थांबवलं. तिथले कोंबडीवाले बुडाले नाहीत.

आपल्याकडं अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे औषधांच्या अंशांबद्दलचे कडक केलेले नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. नियम चांगले आहेत. आता नमुने उचलले जायला हवेत.

वरणभात

शांतपणे वाचत होतो. म्हणून म्हणतो मंडळी, आमच्या पंगतीला या. तूप वाढतो.

शिरोळचा मळा

वरणभात, तुमच्या पंगतीला येतोच, पण भाजीचं काय करणार? शेडमधलं जुनं तूस विष्ठेसकट कोंबडीखत म्हणून आमच्या मळ्यात येतं. उसाला घालतात, वांग्याला, कोबीला, मेथीला घालतात. नीट कुजवलेलं असलं तर ठीक. ट्रॉली आली आणि कच्चंच विस्कटलं, की शेडमधले जंतू आणि औषध दोन्ही रानात. शिवाय शहराचं सांडपाणी पंचगंगेत आणि पंचगंगेचं पाणी आमच्या मोटरीत. कोथिंबीर काय मांसाहारी असते का?

गोठ्यातला डॉक्टर

आणि दूध राहिलं. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठराविक दिवस ते दूध डेअरीला घालू नये असं ट्यूबच्या खोक्यावरच छापलेलं असतं. कितीजण पाळतात? दूध ओतून द्यायचं गरिबाच्या जिवावर येतं, हे मी रोज बघतो. दूध उकळल्यावर जंतू मरतात, औषधाचं तेवढं सांगता येत नाही.

वरणभात

बरं. पंगत आहेच, पण मेथी चिंचोके मोजल्यासारखी पान पान धुऊन घेतो.

पन्हाळ्याचा पायथा

यावर सोपा उपाय. गावठी कोंबडी खा. रानात चरलेली, ना औषध ना खाद्य. चवीचं तर बोलायलाच नको.

आळतेकर शेडवाला

खरी गावठी मिळाली तर औषध जवळपास शून्य, हे मान्य. पण शहरात 'गावठी' म्हणून टांगलेल्यातली बरीचशी गिरीराज, वनराज अशा जातींची असते, आणि ती पण शेडमध्येच वाढवलेली. त्या जाती वाईट नाहीत, पण त्यांना औषध दिलं जात नाही असं धरून चालू नका.

सूक्ष्मदर्शी

आणि खरी गावठी पण उकिरड्यावर, गटारीकडंला टोचते. जंतू तिच्यातही असतात. शिवाय ती कापली जाते त्याच ओंडक्यावर, ज्यावर सकाळपासनं ब्रॉयलर कापलाय. सत्तूर एकच, फडकं एकच.

सीपीआरच्या मागची गल्ली

मी लॅबमध्ये काम करते. कल्चर लावणं हे माझं रोजचं काम. इथं सगळं शेड आणि स्वयंपाकघराबद्दल चाललंय, मी शेवटचं टोक सांगते.

लघवीचा नमुना आला की जंतू वाढवायचे, मग ते एका चपट्या डिशमध्ये आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) सगळीकडं पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. एकेक टिकली एकेका औषधाची. रात्रभर डिश उबेत. सकाळी झाकण काढलं की जे औषध चालतं त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथं जंतू वाढलेले नसतात. मी पट्टीनं तो गोल मोजते आणि रिपोर्टात अक्षर लिहिते. 'एस' म्हणजे औषध चालतं, 'आर' म्हणजे नाही.

मी नवी होते तेव्हा डिशभर गोलच गोल दिसायचे. आता ई. कोलायच्या डिशमध्ये कितीतरी टिकल्यांच्या अगदी काठाला चिकटून जंतूंची साय आलेली असते. सिप्रोफ्लॉक्सासिन 'आर', सेफ्ट्रायॅक्सोन 'आर', खाली जात जात मेरोपेनेमसारख्या राखून ठेवलेल्या औषधापर्यंत. रिपोर्ट न्यायला नातेवाईक येतात, कागद हातात धरून विचारतात, "ताई, नॉर्मल आहे ना?" मी डॉक्टरांना दाखवा म्हणते.

यातलं किती कोंबडीतनं आलं आणि किती माणसांनी खाल्लेल्या गोळ्यांनी, हे डिश सांगत नाही. पण जगभरात २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंच्या संसर्गानं गेली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये २०२२ साली छापून आलाय. मला तो आकडा वाटत नाही. मला ते कागद हातात धरलेले नातेवाईक दिसतात.

वाशीनाका

ताई, सलाम.

मिरजकर

या निमित्तानं स्पष्ट बोलतो. कोंबडीवर खापर फोडणं सोपं आहे. शिंक आली की मेडिकलात जाऊन "ती तीन गोळ्यांची पट्टी द्या" म्हणणारे कोण? अझिथ्रोमायसिन चॉकलेटसारखं विकलं जातं. व्हायरल तापाला अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ ही औषधांची यादी आलीय, त्यातल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, दुकानदारानं वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते. आधी स्वतःचं घर बघा, मग शेड.

गोठ्यातला डॉक्टर

मिरजकर, माणसांच्या गोळ्यांचा वाटा मोठाच आहे, ते मी नाकारत नाही. पण जगात विकल्या जाणाऱ्या जंतूंविरुद्धच्या औषधांपैकी अंदाजे ७३ टक्के जनावरांत वापरली जातात, तेव्हा शेड वगळून हिशेब लागत नाही. आणि औषधं बरीचशी तीच आहेत. आम्ही कोंबडीला एन्रोफ्लॉक्सासिन देतो, त्याचं शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. ताईंच्या डिशमधली पहिली 'आर'वाली टिकली तीच. अमेरिकेनं कोंबड्यांत एन्रोफ्लॉक्सासिन २००५ मध्ये बंद केलं ते याच काळजीनं, कॅम्पिलोबॅक्टर त्याला सरावत चालला होता. दोन्ही घरं एकदम बघायला लागतील.

मिरजकर

एन्रोचं हे माहीत नव्हतं. मान्य.

सत्तूर

राम राम. माझं राजारामपुरीच्या बाजूला चिकनचं दुकान हाय, वडलांपासनं. ओंडक्याचा विषय निघाला म्हणून लिवतोय.

लाकडी ओंडक्याला घाव पडून चिरा पडत्यात. त्यात मांस अडकतं, रक्त मुरतं. आम्ही रोज रात्री खरडून, मीठ चोळून, उकळतं पाणी ओततो. तरी चिरंच्या आत काय हाय ते आम्हाला दिसत न्हाई, खरं बोलतो. गेल्या आखाडापासनं जाड प्लास्टिकचा ठोकळा आणलाय. धुवायला सोपा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं, "लाकडावरची मजा न्हाई" म्हणाले. ऱ्हाऊ दे म्हटलं.

खरी अडचण पिसं काढायच्या मशीनची. पक्षी गरम पाण्यात बुडवायचा, मग मशीनच्या रबरी बोटांत घालायचा. रविवारी गर्दीत तेच बुडवायचं पाणी किती पक्ष्यांना चालतं ते इचारू नका. मी बदलतो, पण बदलायला पाणी पायजे आणि उन्हाळ्यात टँकर मागवायला लागतो. आणि आतडं काढताना फुटलं की घाण सगळीकडं. हात बसलेला माणूस पायजे त्याला. असा पोरगा आता मिळंना झालाय.

तुम्ही म्हणताय शेड कुठली विचारा. विचारा की. आमच्याकडं गाडीवाल्याची पावती असते, कुठनं माल आला त्याची. पण शेडवर काय औषध सोडलं, हे मला बी कुणी सांगत न्हाई. मी विचारलं तर गाडीवाला म्हणतो, घ्यायचा तर घ्या.

एक इनंती. रविवारी धाला येऊन "लौकर कर, लौकर कर" करू नका. घाईत हात धुवायचं ऱ्हातंय.

लवंगी

सत्तूरदादा, दुकानाचं नाव सांगा, तुमच्याकडंच येते. धा ऐवजी साडेसातला.

सत्तूर

ताई, हितं जाहिरात नको, ॲडमिन रागावत्याल. प्लास्टिकचा ठोकळा दिसला की समजा.

पन्हाळ्याचा पायथा

मटणाबद्दल कुणीच बोललं नाही. बोकड तर रानात चरतो, त्याला कोण अँटिबायोटिक घालतंय?

गोठ्यातला डॉक्टर

खाद्यातनं रोज देणं बकऱ्यांत फारसं नाही, आजारी पडलं तर इंजेक्शन. त्या अर्थानं बोकड बरा. पण कापताना कोठा फुटला की मांसावर जंतू येतातच, आणि मटणावरही औषधाला न जुमानणारे ई. कोलाय सापडतात. कत्तलखान्यात पशुवैद्यानं तपासून शिक्का मारलेलं मटण घ्यावं, गल्लीच्या तोंडाला कापून टांगलेलं नको. म्हाईच्या बोकडाचं म्हणाल, तर कापणाऱ्याच्या हाताशी भरपूर पाणी द्या आणि मांस जमिनीवरच्या पानांवर तासनतास पसरून ठेवू नका. उरलेला रस्सा रात्रभर चुलीवर कोमट राहतो, तोही सकाळी खळखळ उकळल्याशिवाय वाढू नका. त्याहून चांगलं म्हणजे रात्रीच लहान भांड्यांत काढून फ्रीजमध्ये.

मंगळवारपेठी

धागा एवढा भरेल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं होतं की विचारायचं काय आणि कुणाला. आता शेडवाले आणि सत्तूर दोघांचं वाचून माझं म्हणणं थोडं पुढं सरकलंय. दुकानदाराला ओंडका, पाणी आणि पावती विचारता येते, ते विचारूच. पण औषधाचं उत्तर त्याच्याकडं नाही. ते पिल्लू आणि खाद्य देणाऱ्या कंपनीकडं आहे. कुठल्या बॅचला कुठलं औषध, किती दिवस, आणि कधी बंद केलं, याची नोंद मालाबरोबर दुकानापर्यंत आली पाहिजे. शेडवाल्याच्या आणि दुकानदाराच्या हातात कागद असला तर गिऱ्हाईक तो बघू शकतं.

दुसरं, नमुने. दुकानातनं नमुने उचलायचे, औषधाचे अंश आणि जंतू दोन्ही तपासायचे आणि निकाल जाहीर करायचे, ही मागणी महापालिका आणि अन्न व औषध प्रशासन दोघांकडं लेखी करायची. दरासाठी आपण एकत्र आलो होतो, यासाठीही येऊ शकतो. अर्जाचा मसुदा उद्या रात्री इथंच टाकतो. डॉक्टर आणि सूक्ष्मदर्शी, कुठली औषधं तपासायला सांगायची ती नावं तुम्ही भरा.

आळतेकर शेडवाला

अर्जात एक ओळ माझी घाला. औषध न वापरता, तूस कोरडं ठेवून माल काढणाऱ्या शेडला किलोमागं जादा ग्रोइंग चार्ज मिळाला पाहिजे. ती ओळ असेल तर आमच्या गावातल्या शेडवाल्यांच्या सह्या मी आणतो.

सीपीआरच्या मागची गल्ली

नुसतं 'जंतू तपासा' लिहू नका. 'कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी' असं लिहा, नाहीतर जंतू आहे किंवा नाही एवढंच उत्तर येईल. औषधाला दाद देतो का, ते कळणार नाही.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. नावं मी रात्री पाठवतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलाय तिन्ही घालू. अंशांच्या यादीत एन्रोफ्लॉक्सासिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन आणि कोलिस्टीन. कोलिस्टीन मुद्दाम, बंदी पाळली जातेय का ते कळेल.

सत्तूर

पयला नमुना माझ्या दुकानातला घ्या. काय निघतंय ते मला बी कळू दे.

वाशीनाका

सही माझी धरा. आमच्या तालमीतल्या पोरांच्या पण आणतो, रोज चिकन तीच खात्यात.